क्रॉसबोचा ‘टण्ण’ कमी करायचा आहे (टार्गेटसाठीच, शिकारीसाठी नाही)

रानमाळ_मेहकर | शनिवार, सकाळी ७:१०

राम राम मंडळी.

घरामागच्या खळ्यावर मी क्रॉसबोनं (बंदुकीसारखं खांद्याला लावून घोडा दाबून सोडायचं धनुष्य) टार्गेट मारतो. गाव मेहकर तालुक्यातलं, जिल्हा बुलडाणा. कंपाउंड क्रॉसबो आहे, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेला, ओढ १७५ पाउंड. पुस्तकात वेग सेकंदाला ३५० फूट लिहिलाय, तो ४०० ग्रेन (वजनाचं बारीक माप) वजनाच्या बोल्टवर, म्हणजे त्याच्या आखूड बाणावर. पक्क्या पावतीवर घेतलेला आहे, पोलीस ठाण्यात दाखवूनही आलोय. मॉडेल मात्र शिकारीचं आहे, अमेरिकेत हरणांवर वापरतात त्या जातीचं. स्पर्धेचा मॅच क्रॉसबो घ्यायला पैसा लागतो आणि सोयाबीनच्या भावात तो निघत नाही. शिकार करत नाही, करायची नाही, तेव्हा तो विषय कृपया इथं काढू नका.

आता दुखणं. घोडा दाबला की आधी ‘टण्ण’, त्याला चिकटूनच एक पोकळ ‘खळ्ळ’, आणि मग टार्गेटच्या पोत्यात ‘धप्प’. शेजारच्या काकांचा पत्र्याचा गोठा माझ्या उजव्या हाताला, वीसेक पावलांवर. संध्याकाळी मी मोकळा होतो आणि तीच त्यांची धार काढायची वेळ. टण्ण झालं की म्हैस पान्हा चोरते. काकांनी काल धुऱ्यावर उभं राहून सुनावलं, “तुहा तो ठोक्या बंद कर, नाई त उद्यापासून डेअरीवर दूध तू घाल.”

नेटवर स्ट्रिंगला (दोरीला) लावायची रबरं दिसतात, लिम्बला (वाकणाऱ्या पात्यांना) चिकटवायची बटणं दिसतात, किंमती डोळे फिरवणाऱ्या. यातलं आधी काय घ्यावं? बो प्रेस (पाती दाबून धरायचं यंत्र) माझ्याकडं नाही, तेव्हा स्ट्रिंग उतरवायला लागेल असलं काही सांगू नका.

पोट्टा_नंबर_एक | सकाळी ७:३२

मी म्हशीच्या बाजूनं हाय राजेहो.

कपाशीचा_धनी | सकाळी ८:०५

भाऊ, तुमी नका म्हणा पण मी विषय काढतो. आमच्या इकडं (दारव्हा साइड) रानडुकरं इतके झाले हाय का भुईमूग लावनंच सोडलं. हरभऱ्यात रोही (नीलगाय) उतरते तं एका रातीत पट्टाच्या पट्टा साफ. फटाके फोडा, डबे वाजवा, दोन दिवस पळते, तिसऱ्या दिवशी आपल्याकडंच पाह्यत उभं राह्यते. बंदुकीचा आवाज साऱ्या गावाले जाते. ह्या यंत्राचा आवाज खरंच कमी होत असन तं मले बी सांगा, कितीले भेटते?

जंगलवाट | सकाळी ८:४०

@कपाशीचा_धनी, नुकसान खोटं नाही, माझ्या मामाचं शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेलाच आहे. पण आवाज आला की नाही यावर गुन्हा ठरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ९ शिकारीला बंदी घालतं आणि त्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हाकून नेणं, यातला नुसता प्रयत्नही त्यात येतो. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव सरळ लिहिलेलं आहे. रानडुक्कर आणि रोही २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहेत, काळवीट अनुसूची १ मध्ये. अनुसूची २ च्या प्राण्यालासुद्धा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पिकाला उपद्रव करणाऱ्या प्राण्यासाठी कलम ११ खाली लेखी परवानगीची वाट आहे, ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. तो कागद हातात नसताना मूक धनुष्य घेऊन रात्री शेतात बसणं आणि तारेत करंट सोडणं, दोन्ही एकाच माळेचे मणी. करंटनं तर आपल्या विदर्भात वाघही मेलेत आणि पाणी ओलायला गेलेली माणसंही.

कपाशीचा_धनी | सकाळी ८:५२

करंटचं मी नाव बी नाई काढलं साहेब. विचारलं फक्त.

संपादक | सकाळी ९:१५

धागा टार्गेटच्या सरावापुरता चालू ठेवत आहोत. पिकाच्या राखणीचे कायदेशीर उपाय लिहायला हरकत नाही. जनावरावर वापरण्याबद्दलचे प्रश्न उडवले जातील.

जुना_फिटर | दुपारी १:२०

जेवण करून लिहायला बसलो, लांबेल.

रानमाळ भाऊ, रबरं घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. धनुष्य ताणताना तुम्ही त्यात जी शक्ती भरता, ती सगळी बोल्टमध्ये जात नाही. जी जात नाही ती लिम्बमध्ये, स्ट्रिंगमध्ये, केबलमध्ये, स्टॉकमध्ये (खांद्याला लावायच्या दांड्यात) थरथरत राहते. तुमचा टण्ण म्हणजे ती उरलेली शक्ती. रबर तिला उशिरा गाठतं, ती उरल्यावर. मुळात उरू द्यायचीच कमी, हे बोल्टच्या वजनाचं काम आहे.

भरल्या बैलगाडीपेक्षा रिकाम्या गाडीचा खडखडाट जास्त, तसं हे आहे. हलका बोल्ट स्ट्रिंगसोबत पुरती शक्ती न घेताच निसटतो. जड बोल्ट अंमळ हळू जातो पण जाताना जास्त घेऊन जातो. तुमच्याच आकड्यांवर पाहा. ४०० ग्रेन म्हणजे साधारण २६ ग्रॅम. ३५० फूट वेगाला त्यात सुमारे १४७ जूल भरतात. तेच धनुष्य ५०० ग्रेनचा बोल्ट समजा ३२० फुटानं फेकतंय, तर त्यात १५४ जूल होतात. वेग ३० फुटांनी घटला आणि तरी सात जूल जास्त बाहेर गेले. हे सात जूल आधी तुमच्या लिम्बमध्ये आणि काकांच्या गोठ्यात जात होते.

वजन खाली किती चालतं ते कंपनीच्या पुस्तकात असतं, त्याच्या खाली कधी जाऊ नका. फार हलका बोल्ट म्हणजे अर्धं ड्राय फायर (बोल्टशिवाय रिकामा मारा). आणि बोल्टशिवाय घोडा ओढायचा तर विचारही नको. सगळी शक्ती लिम्बमध्येच परत येते, लिम्ब फाटतो, स्ट्रिंग तुटते, आणि तो तुकडा कुठं जाईल याचा नेम नाही.

आता तुमचा ‘खळ्ळ’. तो पोकळ म्हणताय, म्हणजे काहीतरी सैल आहे. धनुष्य न ताणता, बोल्ट न लावता, मांडीवर आडवं घ्या आणि स्टॉकवर मुठीनं ठोका. कान जवळ न्या. बहुतेक वेळा पट्ट्याच्या कड्या वाजतात, त्या छोट्या लोखंडी. एकेका कडीवर अंगठा दाबून धरा आणि पुन्हा ठोका, आवाज गेला की चोर सापडला. तशीच बाजूला टांगलेली बोल्टची पेटी काढून ठेवा. बोल्ट त्यात उभे असले की एकमेकांवर आपटतात, टार्गेट मारताना पेटी धनुष्यावर हवीच कशाला? मग स्कोपच्या रिंगा, पुढचा पायटा, रेलच्या (बोल्ट ठेवायच्या पन्हाळीच्या) खालचे स्क्रू. स्क्रू घट्ट करताना जोर लावू नका, पुस्तकात टॉर्क दिलेला असतो. सुटत असतील तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा गोंद), लाल नव्हे, लाल लावलं की पुढच्या वेळी उघडताना रडाल. लिम्बच्या मुळाशी असलेल्या मोठ्या स्क्रूंना हात लावू नका, ते प्रेसवाल्याचं काम.

स्टॉक प्लॅस्टिकचा पोकळ असेल तर तो डफासारखा... जाऊ द्या, तो वाजतो एवढंच. मागचा रबरी पॅड दोन स्क्रूंवर असतो. काढून आत फोमचे तुकडे दाबून भरा. घोड्याच्या यंत्राजवळ काही सरकू देऊ नका, फक्त मागच्या पोकळीत.

रेल कोरडी असेल तर स्ट्रिंग घासून जाते आणि ‘सर्र’ येतो. रेलचं वंगण बोटाला जेमतेम लागेल इतकंच. मेण स्ट्रिंगच्या मोकळ्या दोऱ्यांना, मधल्या गुंडाळीला नाही.

यातलं पेटी काढणं, ठोकून पाहणं, पॅड उघडणं हे फुकटात होतं. मग बोल्ट. रबराची पाळी त्यानंतर.

आखूड_पल्ला | दुपारी २:०५

जुना_फिटर काकांचं बरंचसं मान्य, पण जड बोल्टची एवढी भलामण नको. ५०० ग्रेनवर गेलात की ३० मीटरला बोल्ट ७-८ सेंटिमीटर खाली बसणार. पुन्हा झिरो करा (स्कोपचा नेम बोल्टशी जुळवा), स्कोपच्या सगळ्या रेघांचं गणित नव्यानं मांडा. मी अकोल्याला दोन्ही मारून पाहिलेत. मला हलका आवडतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वाचवतो.

जुना_फिटर | दुपारी २:३०

तुमचं अंतर चुकतं कारण तुम्ही अंदाजानं मारता. रानमाळ भाऊंचं टार्गेट खळ्यावर एकाच जागी उभं आहे, तिथं टेप लावून अंतर मोजलं की विषय संपला. झिरो एकदाच करायचा आहे, आवाज रोजचा आहे.

आखूड_पल्ला | दुपारी २:३४

हे पटलं.

पोट्टा_नंबर_एक | दुपारी २:४१

म्हशीच्या वतीनं मी बी पटवून घेतलं.

अमरावतीची_ताई | दुपारी ४:१५

मी शाळेतल्या मुलामुलींना धनुर्विद्या शिकवते. आमच्याकडं क्रॉसबो नाही, रिकर्व्ह (टोकं उलट वळलेलं, बिनचाकाचं धनुष्य) आणि कंपाउंड. आवाजाच्या तक्रारी आम्हालाही येतात, म्हणून लिहिते.

तुमचा प्रकार मुळातच आवाजी का, ते लक्षात घ्या. स्पर्धेच्या कंपाउंडला ओढीची मर्यादा ६० पाउंड आहे आणि स्ट्रिंग लांबवर प्रवास करते, म्हणजे ढकलायला तिला वेळ मिळतो. तुमच्याकडं १७५ पाउंड आणि प्रवास जेमतेम फूटभर. आखूड, कडक लिम्ब एवढ्याशा अंतरात झटक्यात थांबतात. तेव्हा आमच्या मुलींच्या धनुष्याइतका शांत तो होणार नाही, कितीही रबर लावा.

दुसरं, तुम्ही तीन आवाज लिहिलेत आणि सगळे पहिल्या दोघांवरच बोलतायत. ‘धप्प’चं काय? गोठा उजव्या हाताला वीस पावलांवर आहे म्हणता, मग टार्गेट कुठंशी आहे? ते गोठ्याच्या जवळ असेल तर म्हशीला तोच मोठा ऐकू येत असेल. कुणालातरी गोठ्याच्या दारात, माऱ्याच्या रेषेपासून लांब, सुरक्षित जागी उभं करा आणि विचारा कुठला आवाज टोचतो. मोबाईलच्या डेसिबल ॲपवर जाऊ नका. असा क्षणभराचा ठोका फोनच्या माइकला धड पकडता येत नाही, आकडा काहीही दाखवतो.

पोत्यामागं काय आहे तेही सांगा.

(आणि मॉडेल शिकारीचं आहे म्हणून कानकोंडं होऊ नका, तिरंदाजीत आपल्या विदर्भातली मुलंही जगात पुढं गेलीत. तुमच्याच बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरनं २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये जगातल्या अव्वल तिरंदाजाला, माइक श्लोसरला, फायनलमध्ये हरवलं. त्याच वर्षी नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाला. आमच्या मुलांना आता आपलं शहर लहान असणं आडवं येत नाही, मैदान नसणं आडवं येतं.)

रानमाळ_मेहकर | सायंकाळी ५:०२

ताई, टार्गेट ३० मीटरवर. गोठा माझ्यात आणि टार्गेटच्या साधारण मधोमध, बाजूला. पोत्यात चिंध्या भरल्यात. मागं प्लायवूडची फळी आहे आणि फळीमागं धुऱ्याचा मातीचा उंच बांध. फळी अशासाठी की पोतं उभं राहावं.

अमरावतीची_ताई | सायंकाळी ५:२०

फळी काढा. ती वाजते. पोतं दोन खुंटांना घट्ट ताणून बांधा, मागं तो मातीचा बांध आहेच, तो सोडू नका, बांधाच्या वरून बोल्ट जाईल असं टार्गेट कधी लावू नका. आणि चिंध्या सैल असतील तर काढून पुन्हा ठासा. वर उभं राहून पायानं दाबा, काठीनं कोंबा, अजून चिंधी घाला. सैल पोतं ढोल होतं, शिवाय बोल्ट आरपार जातो.

जंगलवाट | सायंकाळी ६:१०

एक शंका. नेटवर या सामानाच्या जाहिराती पाहिल्या तर सगळीकडं हरणाचे फोटो. अमेरिकेत एवढा बाजार का उभा राहिला?

जुना_फिटर | सायंकाळी ६:४५

तिथल्या हरणाच्या कानामुळं. आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो, तुमचा बोल्ट १०७. तीस मीटरवर उभ्या हरणाला टण्ण पोचतो एका सेकंदाच्या अकराव्या हिश्शात, बोल्टला लागतो पाव सेकंदाहून थोडा जास्त. मधल्या वेळात ते पळायला म्हणून आधी खाली दबतं आणि बोल्ट पाठीवरून जातो किंवा भलतीकडं लागून जखमी करतो. तिथले परवानाधारक शिकारी म्हणूनच आवाजाच्या मागं लागलेले असतात. वेग वाढवून हे सुटत नाही, कारण आवाजाला गाठणारं धनुष्य कुणी बनवत नाही. त्यातले जाणते लोक ‘शांत’ जनावरावर, जवळून मारा, एवढंच सांगतात. ब्रिटनमध्ये तर धनुष्यानं शिकार करायलाच बंदी आहे, क्रॉसबो धरून.

तेव्हा @कपाशीचा_धनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी जागं रानडुक्कर आवाज ऐकणारच, आणि अर्धवट लागलेलं डुक्कर तुरीत शिरलं की सकाळी कापणीला जाणाऱ्या बाईच्या अंगावर येतं.

कपाशीचा_धनी | रात्री ८:३०

समजलं काका. मी आता झटका मशीनचं पाहू राह्यलो. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन योजनेत सोलर कुंपणाले अनुदान हाय म्हणते. कोनी लावलं काय?

जंगलवाट | रात्री ८:४८

आहे. योजना जंगलालगतच्या गावांसाठी आहे, तुमचं गाव यादीत आहे का ते वनरक्षकाकडं विचारा, ग्रामस्तरावर समिती असते तिच्यातून जातं. झटका मशीनचा धक्का क्षणाक्षणाला थांबून थांबून बसतो, जनावर मरत नाही, भितं. घरच्या लाइनची तार मात्र त्याला जोडायची नाही, कुणी ‘जोर वाढवून देतो’ म्हणून आला तर हाकलून लावा. तारेखालचं गवत कापत राहा, गवत टेकलं की करंट जमिनीत जातो आणि डुकराला ते लगेच कळतं. डुकरासाठी खालची तार फार उंच ठेवू नका, ते नाक घालून उचलतं.

आखूड_पल्ला | रात्री ९:३०

लिम्बवरच्या बटणांबद्दल माझा अनुभव. चिकटवायची असतात ती आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत. अकोल्यात पारा ४५ च्या आसपास गेला की गोंद लिबलिबीत होतो आणि चौथ्या-पाचव्या माऱ्याला बटण उडून गवतात. शोधत बसा. दोन लिम्बच्या फटीत दाबून बसवायची येतात ती घ्या. आणि क्रॉसबो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, लिम्बच्या थरांना ते सोसत नाही.

स्ट्रिंगची रबरं दोन्ही बाजूंना कॅमपासून सारख्या अंतरावर हवीत. एक इकडं एक तिकडं झालं की स्ट्रिंग वाकडी चालते. मधोमध लावली तर वेग जास्त खातात, कॅमकडं सरकवली तर कमी.

रानमाळ_मेहकर | पुढचा गुरुवार, रात्री ९:०५

काय काय केलं ते सांगतो.

ठोकून पाहिलं तर ‘खळ्ळ’ निघाला पुढच्या पट्ट्याच्या कडीचा आणि पेटीतल्या बोल्टचा, दोघांचा मिळून. कडी काढून टाकली, पट्टा लागतोच कुठं. पेटी आता खाटेवर असते. स्टॉकच्या मागच्या पोकळीत जुन्या गादीचा फोम कोंबला. एवढ्यावर दुसरा आवाज जवळजवळ गेलाच.

फळी काढली. पोतं पुन्हा भरताना घरातल्या जुन्या साड्या आणि रुईची दोन गाठोडी गेली, आईनं त्यावर जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ‘धप्प’चा आता ‘फस्’ होतो. ताईंचं खरं निघालं, पुतण्याला गोठ्याच्या दारात उभं केलं होतं, तो म्हणाला काकाजी, पयलेचा दनका टार्गेटचाच जास्त ऐकू येत होता.

जड बोल्ट चिखलीच्या मित्राकडून उसने आणले, त्याच लांबीचे, त्याच नॉकचे (नॉक म्हणजे मागचं टोक, जिथं स्ट्रिंग टेकते), ४९० ग्रेनच्या आसपासचे. टण्ण गेला नाही, पण त्याची धार गेली. आधी पत्र्यावर आपटून परत यायचा, आता खोल, दबका ‘ठक्’. झिरो खाली गेला तो दोन संध्याकाळी बसून नीट केला.

गोठ्याच्या पत्र्यावर माझ्या बाजूनं जुन्या गोधड्या टांगल्या, काकांच्या परवानगीनं. त्यांनी परवानगी दिली ती गोधड्या थंडीत म्हशीलाही कामी येतील म्हणून.

स्ट्रिंगचे स्टॉपर (मारल्यावर स्ट्रिंग अडवणारे दांडे) मात्र कळत नाहीत. माझ्या मॉडेलला दोन आहेत, रबरी टोकाचे. एकाच्या रबरात स्ट्रिंगनं खोल खाच पाडलीय, नखाचं टोक बसेल एवढी, दुसरं अगदी गुळगुळीत. याचा अर्थ काय?

जुना_फिटर | रात्री ९:४०

अर्थ हा की स्ट्रिंग एकाच स्टॉपरवर आपटतेय, दुसरा नुसता शोभेला उभा आहे. धनुष्य न ताणलेलं असताना दोन्हीकडचं अंतर पाहा. पुस्तकात जेवढं दिलंय तेवढं दोन्ही बाजूंना सारखं करा. कागदाच्या घड्या करून फटीत सरकवून मोजा, हाताला लगेच कळतं. फार दूर असेल तर स्ट्रिंग थांबायच्या आधीच झुलून घेते आणि आवाज राहतो. स्ट्रिंगला दाबून बसवलं तर स्ट्रिंग झिजते आणि बोल्ट दर वेळी वेगळा बसतो. खाच पडलेलं रबर बदला, ती खाच स्ट्रिंगला पकडते. नवं रबर कंपनीचंच घ्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायचा मोह होईल, तो उष्णतेनं चिकट होतो.

स्टॉपर सारखे केल्यावर, आखूड_पल्ला म्हणतात त्या स्ट्रिंगच्या रबरांची गरज उरते का ते बघा. मला वाटतं उरणार नाही.

अमरावतीची_ताई | रात्री १०:१०

अंतर सारखं केल्यावरही एकाच बाजूला खाच पडू लागली तर कॅम एकसाथ फिरत नसतील, ते प्रेसवाल्याला दाखवा, घरी नको. आणि ताणताना दोरीनंच ताणा, दोन्ही हातांचा जोर सारखा, हुक रेलच्या दोन्ही बाजूंना चिकटून. एका बाजूनं थोडी जास्त ओढली गेली की स्ट्रिंग मधोमध बसत नाही, मग नेम डावी-उजवीकडं जातो आणि लोक स्कोपला शिव्या देतात. अंगठा रेलच्या वर येऊ देऊ नका, हे शंभरदा सांगितलं तरी कमी.

पोट्टा_नंबर_एक | रात्री १०:२२

अन् म्हैस? मुद्द्याचं बोला न राजेहो.

रानमाळ_मेहकर | रात्री १०:३०

काल धार काढताना मी मुद्दाम मारले नाहीत, आज मारले. म्हशीनं मान वळवून पाह्यलं आणि पुन्हा ढेप खायला लागली. काका काही बोलले नाहीत, म्हणजे सध्या चालेल असं मी धरतो. तरी आता धार आटोपली की मारायचं ठरवलंय, अर्धा तास इकडं-तिकडं.

@जुना_फिटर काका, उसने बोल्ट परत द्यायचेत. स्वतःचे जड मागवायचे तर काय पाहू? साइटवर एकाच बोल्टला तीन प्रकारचे नॉक दाखवतात.

जुना_फिटर | रात्री १०:५०

नॉक तुमच्या पुस्तकात लिहिलेलाच, सपाट म्हणत असेल तर सपाट, अर्धचंद्र म्हणत असेल तर अर्धचंद्र. इथं ‘हाही चालतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. चुकीच्या नॉकवरून स्ट्रिंग घसरून वर चढली तर ते ड्राय फायरच झालं. लांबी आत्ताची २० इंच असेल तर २० इंचच. वजन वाढवायचं ते पुढच्या टोकाला, पितळी इन्सर्टवाले (टोकाच्या आत पितळी तुकडा बसवलेले) घ्या, म्हणजे बोल्टचा तोलही पुढं राहतो आणि सरळ उडतो. पिसांना रेल घासते का ते पाहायला पिसांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, एक मारा आणि रेलवर पांढरं कुठं लागलंय ते बघा. घासत असेल तर उडतानाही फडफड ऐकू येते.

आल्यावर सगळे सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ४९० ग्रेन म्हणजे ३१.७५ ग्रॅम, ५०० म्हणजे ३२.४. एकाच डब्यात ज्यांचा फरक जास्त निघेल ते वेगळे काढून ठेवा, ते झिरो बिघडवतील.